वीस मिनिटांची कडी

"ओढूक गाढवाकय येता. सोडूक शिक."

हे माझ्या वडिलांचं वाक्य. कातळवाडीच्या रापणीचे ते म्होरके होते, आणि सात वर्षांची असताना मी पहिल्यांदा दोराला हात लावला तेव्हा त्यांनी मला एवढंच शिकवलं. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून देते, आणि मग अख्खी वाडी दोन रांगा करून ते दोर ओढते. ओढत ओढत माणूस मागे सरकतो. माडांपर्यंत पोचला की दोर सोडतो, धावत पाण्याशी येतो आणि सगळ्यांच्या पुढे नव्याने मूठ आवळतो. त्याने सोडलंच नाही तर तो माडाशी अडकून बसेल. सगळ्यांनी एकदम सोडलं तर जाळं मासळीसकट परत जाईल. म्हणून पुढच्याची मूठ बसली की म्होरक्या शेवटच्याला हाक देतो, "सोड!"

आणखी एक रीत आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना. घरच्या माणसांचा वाटा टोपलीत जातो. परक्यांचा वाटा त्यांच्या पायांशी वाळूत ठेवतात, दोन-चार मासे. त्याला 'पाव्हण्याचो वाटो' म्हणतात आणि पाव्हण्याने तो नको म्हणायचा नसतो. मुंबईचे पाहुणे दोन बांगडे चिमटीत धरून कावरेबावरे उभे राहायचे, ते बघून मी आणि दादा वाळूत लोळून हसायचो.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, सहदेव. त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून हे लिहिता येतं आहे.

वडील गेले तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी. करत होते. घरी पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्यांचे हात छातीवर जोडून ठेवायचा प्रयत्न चालला होता आणि ते जुळत नव्हते. उजवी मूठ तर अशी वळलेली की दोघांना उघडेना. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, तू ह्याच शिकतंस ना? मेल्यार माणूस घट कित्या होता? जीव गेलो मगे ढिलो पडाक व्हयो."

अशा वेळी शास्त्र सांगायचं नसतं हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी सांगितलं.

स्नायू म्हणजे रापणच असते. स्नायूच्या प्रत्येक तंतूत दोन जातींचे धागे असतात. बारीक धागा अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा, तो दोर. जाड धागा मायोसिनचा, आणि त्याला शेकडो डोकी असतात. ती ओढणारी माणसं. मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला पकडतं, मान वाकवतं, आणि दोर एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतका सरकतो. मग ते सोडतं आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतं. अशी अब्जावधी डोकी आपापल्या वेळेला धरत-सोडत असतात, तेव्हा कुठे आपल्याला चहाचा कप उचलता येतो.

यातली खरी मेख सोडण्यात आहे. या कामाचं इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. कुणालाही वाटेल की इंधन ओढण्यासाठी लागत असेल. पण एटीपी येऊन बसतो तो डोक्याची पकड सोडवायला. तो बसला की डोकं दोरापासून सुटतं, तो फुटला की पुढच्या झटक्यासाठी ताठ होऊन तयार राहतं. एटीपी आलाच नाही तर डोकं धरलेलं तसंच धरून बसतं. मेलेल्या देहात एटीपी तयार होत नाही, म्हणून माणूस ताठ होतो. धरायला काही लागत नाही, ताकद सोडायलाच लागते.

दादाने ऐकून घेतलं. मग वडिलांकडे बघत म्हणाला, "म्हणजे बाबा अजून दोर धरून आसत. तेंका कोणी 'सोड' म्हणूक नाय."

त्या वाक्याने माझं आयुष्य मार्गी लावलं असं मी पुढे भाषणांमधून सांगत असे. टाळ्याही मिळत.

*

खडकाला चिकटलेला काळा शिंपला उघडायचा प्रयत्न केला असेल तर तुम्हाला माहीत असेल, त्या इवल्याशा जिवाची पकड किती चिवट असते. तासन्‌तास तो मिटून राहतो आणि दमत नाही, कारण त्याच्या स्नायूत एक जादा प्रथिन असतं. जाड आणि बारीक धागे एकमेकांत आले की ते प्रथिन दोघांना बांधून टाकतं. मग डोक्यांनी पुन्हा पुन्हा धरत-सोडत राहायची गरज उरत नाही आणि एटीपी जवळजवळ खर्चच होत नाही. दाराला कडी घातल्यावर दार दाबून धरायला लागत नाही, तसंच. आम्ही पुण्याच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं खपून त्या प्रथिनाचं माणसाला सोसेल असं रूप तयार केलं. त्याला मी 'कडी' म्हणत असे, पुढे सगळेच म्हणू लागले. दर सहा महिन्यांनी दंडात आणि कोपराखालच्या जाडसर भागात टोचायचं. हातावर भार आला की कडी बसायची, भार उतरला की निघायची. मधल्या वेळात मेंदूने हुकूम सोडायची गरज नाही आणि हात दमायचा नाही.

पहिला टोचून घेणारा मिरजेचा शिंपी होता, इब्राहिम मास्तर. अपघातात त्यांच्या उजव्या हाताची नस दुखावली होती आणि चार वर्षं कात्री हातात ठरत नव्हती. कडी बसल्यावर त्यांनी माझ्यासमोर सव्वा मीटर कापड एका दमात कापलं आणि कात्री खाली ठेवून रडले. मी कधी काही बरं केलं असेल तर ते त्या दिवशी.

दुसरी गोष्ट बरी नाही केली. भार कायमच राहिला तर काय, या भीतीने मी कडीला मुदत घातली होती. वीस मिनिटं भार हलला नाही तर कडी आपोआप तुटायची आणि हात पुन्हा साधा व्हायचा. हे माहितीपत्रकात छापायला हवं असं मी कडी बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या नाडकर्णींना म्हटलं.

"मॅडम, वीस-वीस मिनिटं वस्तू कोण धरून ठेवतो? आणि आपणच सांगायचं, की आमचा माल ऐनवेळी दगा देतो? कोण टोचून घेईल?"

मी एकदा म्हटलं आणि गप्प बसले. 'वजन उतरल्याशिवाय कडी सुटत नाही' एवढंच छापलं गेलं, आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं.

दादाला कडी मीच टोचली. कातळवाडीत तेव्हा दोर ओढायला माणसं उरली नव्हती. पोरं गोव्यात हॉटेलांमध्ये गेली, म्हातारे थकले. जिथे चाळीस हात लागत तिथे बारा जमायचे. कडी आल्यावर त्या बारांनी चाळिसांचं काम केलं. वाडीत माझी आरतीच ओवाळायची बाकी होती. माझा विचार होता की कडी असलेले बारा आले तर रापण टिकेल आणि माणसं परत येतील. झालं उलटं. बारांत काम होतंय म्हटल्यावर बारांचे आठ झाले, आठाचे सहा. होडीवर आठ माणसं असायची, तिथे तिघं जाऊ लागली. दादा, त्याची बायको सुचिता आणि वीस वर्षांची मुलगी तेजल. तेजल कॉलेजला सुट्टी म्हणून आली होती आणि हट्टाने वल्ह्यावर बसत होती.

सगळ्यांना कौतुक वाटत होतं. अख्खी रापण एका घरात आली, म्हणत होते.

*

जानेवारीतल्या एका सकाळी, आठ वाजून दहा मिनिटांनी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. लाट मोठी नव्हती. आठ माणसांच्या वजनाने जी होडी जागची हलली नसती ती तिघांच्या वजनाने पालथी झाली. काठ तेजलच्या डोक्यात बसला. डॉक्टर म्हणाले की ती त्याच क्षणी गेली असणार, तिच्या छातीत पाणी नव्हतं. दादाने डाव्या हाताने पालथ्या होडीचा काठ धरला आणि उजव्या हाताने तेजलचं मनगट. सुचिता जाळ्यात गुरफटली. जाळं टाकताना आड येतं म्हणून तिने लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. होडीपासून ती जेमतेम दोन हातांवर होती आणि जाळं तिला तेवढंही येऊ देत नव्हतं.

अकरा वाजता एका मच्छीमाराने त्यांना पाहिलं. तेव्हा सुचिता बुडाली होती. दादा काठाला आणि तेजलच्या मनगटाला धरून होता.

त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत देशभर गेला. 'मुलीचा हात न सोडणारा बाप'. नाडकर्णींचा फोन आला. "मॅडम, तीन तास. विचार करा, तीन तास. याहून मोठी जाहिरात कोण देईल?" मग बहुधा त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण ते म्हणाले, "म्हणजे, फार वाईट झालं."

मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी वारं फिरलं. कुणीतरी लिहिलं की सुचिताला वाचवता आलं असतं, फक्त हात रिकामा हवा होता. कडीने बापाला मेलेल्या मुलीला बांधून टाकलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बायको बुडाली. चौकशी समिती बसली. चाचण्यांत असलेल्या प्रत्येकाच्या कोपराजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा मणी बसवलेला असे. कडी कधी बसली, कधी निघाली आणि मेंदूकडून हाताला किती जोराचा हुकूम आला, हे त्यात टिपलं जाई. दादाच्या उजव्या हातातला मणी काढून समितीने माझ्याकडे पाठवला. तो वाचायचं यंत्र एकच होतं, माझ्या टेबलावर.

ती नोंद मी तीनदा वाचली.

आठ अकराला कडी बसली. मेंदूचा हुकूम शून्यावर गेला. म्हणजे हात आपोआप धरून होता, दादाला काही करावं लागत नव्हतं. आठ एकतीसला मुदत संपली आणि कडी तुटली. त्या क्षणी हात गळून पडायला हवा होता. त्याच सेकंदात मेंदूचा हुकूम सुरू झाला. पुढचे अडीच तास तो एकदाही थांबला नव्हता. दमलेला, थरथरणारा, पण चालू. आठ सत्तावन्नला तो एकदम दुपटीने वाढला होता आणि साडेचार मिनिटं तसाच राहिला होता.

तेजलने जॅकेट घातलं होतं. हात सोडला असता तरी ती तिथेच तरंगत राहिली असती.

माझी कडी निर्दोष होती. शास्त्रज्ञ म्हणून मला एवढंच सिद्ध करायचं होतं आणि ते माझ्यासमोर आलेखात काढलेलं होतं. मी यंत्र बंद केलं.

त्याच दुपारी इब्राहिम मास्तरांचा फोन आला. "बाई, टीव्हीवर काय काय सांगतायत. ते बंद नाही ना होणार? माझं पुढचं इंजेक्शन मार्चात आहे."

"बघू मास्तर," मी म्हटलं.

"तुम्ही खरं काय ते सांगा त्यांना. खऱ्याला मरण नाही."

*

समितीसमोर जायच्या आधी मी कातळवाडीला गेले. दादा मागल्या दारी पायरीवर बसला होता. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. मी शेजारी बसले. 

"चेडू गेल्ला," तो तेजलबद्दल म्हणाला. "माका तेव्हाच कळल्ला. बापसाक कळता."

"हो दादा."

"सुचिता साद घालीत होती. नवाची लाँच गेली तवसर घालीत होती. लाँच बघून तर ती मोठ्यान ओरडली. माका वाटला, आता लाँचवाले येतीत. ते फिराक नायत." त्याने उजवा हात उलटा केला आणि तळव्याकडे बघितलं. "मगे ती माका म्हणाली, तेका सोड नि माका धर. तेजलीक सोड म्हणाली. पोटची आवस आसान तसा म्हणाली."

लाँच नऊच्या सुमाराला जाते. आठ सत्तावन्न. आलेखात हुकूम दुपटीने वाढला होता, तो तेव्हा.

"नुसतो हात लांब करूचो होतो. पण हात सुटूक नाय, बाय." आता तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे मी आजही विसरू शकत नाही. "कडी होती ना? वजन उतरल्याशिवाय ती सुटना नाय, तूच सांगितलंस. तुझ्या त्या मण्यात सगळा लिवलेला आसता म्हणतत. खरा सांग. कडीच होती ना गो?"

त्याला ठाऊक होतं का? त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. ज्या माणसाचा हात अडीच तास कळा सोसून धरत होता, त्याला ते आपणच धरतोय हे कळलं नसेल? की इतकं कळलं होतं, की ते माझ्या तोंडून खोटं ठरवून घ्यायला तो बसला होता?

मला एवढंच दिसलं, की या माणसाला आता धरायला एकच गोष्ट उरली आहे आणि ती म्हणजे माझी चूक. तीही मी काढून घेतली तर हा उद्या सकाळी पाण्यात चालत जाईल.

"होय दादा," मी म्हटलं. "कडीच होती. तू सोडूक बघलंस. हातान सोडूक नाय. माझी चूक."

 मग त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि चेहऱ्यावर राग चढला. राग आला हे बघून मला बरं वाटलं.

"मगे ताच म्हणतंय," तो म्हणाला. "जा तू आता. हयसर परत येव नको."

समितीला मी लिहून दिलं, की खाऱ्या पाण्याने मण्यातली नोंद खराब झाली आहे आणि अंग गार पडल्यामुळे कडी मुदतीत तुटली नसावी. नाडकर्णी माझ्या अंगावर ओरडले, मग माझ्या पाया पडायला निघाले. मी बधले नाही. कडीवर कायमची बंदी आली. माझी नोकरी गेली, ते ठीकच. माझ्या पदरी चुका होत्या, फक्त जिची शिक्षा झाली ती त्यांतली नव्हती.

एप्रिलमध्ये इब्राहिम मास्तरांनी पत्र पाठवलं. अक्षर मुलीचं होतं. दुकान भाड्याने दिलं, तुमच्याबद्दल मनात काही नाही, देवाची मर्जी, असं लिहिलं होतं. खाली सहीच्या जागी अंगठा होता. 

*

कडी गेल्यावर रापणीला पुन्हा चाळीस हात लागू लागले. कातळवाडीने शेजारच्या तीन वाड्यांना हाक दिली आणि माणसं येऊ लागली, हेही मी ऐकलं. पुढच्या डिसेंबरात मला राहवलं नाही. येऊ नको म्हटलेल्या घरी मी गेले नाही, सकाळी नऊ वाजता थेट किनाऱ्यावर गेले.

दोर ओढणं चालू होतं. दादा बाजूला उभा राहून हाका देत होता. त्याच्या हातात ओढायचं बळ उरलं नव्हतं, आवाज मात्र बाबांचा होता. मी जाऊन दोराला हात लावला. कुणी हटकलं नाही, हटकायची रीत नाही. मी मागे मागे सरकत गेले, माझ्या शहरी तळहातांची सालं निघाली, आणि माडाशी पोचले तेव्हा मी रांगेत शेवटची होते. पाण्याशी कुणाची तरी मूठ बसली. दादाने माझ्याकडे बघितलं.

"सोड," तो म्हणाला.

मी सोडलं आणि पळत पाण्याकडे गेले. असं चारदा झालं. चारही वेळा त्याने इतरांना दिली तशीच मला हाक दिली, आवाज ना वर, ना खाली. त्याने मला पुन्हा घरचं मानलं, या वेड्या आशेने माझा ऊर भरून आला होता.

जाळं वर आलं. बांगडे बरे होते. दादा वाटे करू लागला. एकेका घराची टोपली पुढे येत होती आणि भरून जात होती. आमच्या घरची जुनी टोपली मला दिसली, आईच्या हातची, काठाला निळा दोरा विणलेली. ती त्याच्या पायाशी होती. त्याने तिच्यात आपल्या एकट्याचा वाटा टाकला.

मग तो माझ्यासमोर आला आणि वाकला. माझ्या पायांशी, वाळूत, त्याने दोन बांगडे ठेवले.

तिथे एका वाक्याने सगळं उलटं करता आलं असतं. कडी आठ एकतीसलाच तुटली होती, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

मी बांगडे उचलले. पाव्हण्याने नको म्हणायचं नसतं.